चाव्या हरवलेल्या मॉरिस मायनरचं काय केलं: फोंडा तालुक्यातलं एक प्रकरण

जुन्या गाडीच्या चाव्या हरवल्या की लोक आधी ड्रिल मशीन शोधायला लागतात, आणि नेमकं तेच करू नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. प्रकरण ओळखीच्या घरातलं आहे, त्यांना विचारून लिहितोय. नावं आणि गाव गाळलंय, गाडीचा नंबर आणि कुलपांवरचे नंबर पण मुद्दाम दिलेले नाहीत, ते का ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे मॉरिस मायनर १०००, चार दारांची, ९४८ सीसीची. हे इंजिन मायनरला १९५६ ते १९६२ या काळात यायचं. घरातले आजोबा डॉक्टर होते, गोवा मुक्त व्हायच्या आधी त्यांनी ती घेतली. तेव्हा पोर्तुगीज अमलात इथे परदेशी गाड्या सहज मिळायच्या, तिकडे भारतात आयातीवर बंधनं आणि इकडे रस्त्यावर जर्मन, ब्रिटिश गाड्या फिरतायत असा काळ. आजोबा व्हिजिटला याच गाडीतनं जायचे. मुक्तीनंतर तिला जीडी सिरीजचा, म्हणजे गोवा-दमण-दीवचा, नंबर मिळाला, आणि पुढे आजोबा गेल्यावर ती घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली ती तशीच राहिली.

आता घर सांभाळतात ते त्यांचे धाकटे चिरंजीव, त्यांना मी काकाच म्हणतो. काकांना गाडी विकायची नव्हती पण ठेवून करायचं काय तेही कळत नव्हतं. त्यात बाहेरून एक गिऱ्हाईक आलं, गाडी बघितली, बॉडी बरी आहे म्हणाला, आणि मग म्हणाला चाव्याच नाहीत म्हणजे सगळी कुलपं बदलायला लागणार, डॅश कापायला लागणार, त्यामुळे भंगाराच्या वर काही देता येणार नाही. काकांना ते पटायला लागलं होतं. माझा मावसभाऊ त्यांचा शेजारी, त्याने मला फोन केला कारण मी जुन्या गाड्यांची कामं हौसेने करतो, बहुतेक ब्रिटिशच.

मी काकांना एवढंच सांगितलं की काका, चाव्या हरवल्यात, कुलपं नाही हरवलेली. कुलूप जागेवर आहे तोवर चावी परत करता येते. विकायचं की नाही ते तुम्ही ठरवा पण चाव्यांच्या नावाखाली किंमत पाडून घेऊ नका.

नेमकी अडचण काय होती

गाडीत चार ठिकाणी कुलूप होतं. डॅशवर मधोमध इग्निशन, ड्रायव्हरच्या दाराचं हँडल, डिकीचं हँडल, आणि पेट्रोलचं झाकण. झाकण कंपनीचं नव्हे, मागाहून कोणीतरी कुलपाचं बसवलेलं. चारही बंद, चावी एकाचीही नाही. पलीकडचं पुढचं दार मात्र आतून लॉक केलेलं नव्हतं, त्यामुळे आत बसता येत होतं, काच फोडायची वेळ आली नाही हे नशीबच.

या मॉडेलला स्टार्टरचा वेगळा नॉब असतो, तो ओढला की इंजिन फिरतं, चावी फक्त इग्निशन चालू-बंद करते. स्टिअरिंग लॉक नाही. म्हणजे चावीशिवाय गाडी ढकलून हवी तिथे नेता येते. हे सांगायचं कारण, नंतरच्या ज्या गाड्यांना स्टिअरिंग लॉक असतं त्यात प्रकरण फारच वेगळं होतं, तिथे लॉक कॉलमला अशा बोल्टांनी बसवलेलं असतं की घट्ट करतानाच त्यांची डोकी तुटून पडतात, परत पाना लावायला काही उरतच नाही. तशी गाडी असेल तर इथलं सगळंच्या सगळं लागू होणार नाही.

आणि एक भानगड आधीच होऊन बसली होती. काही वर्षांपूर्वी कोणीतरी डिकीत दुसरीच कसलीतरी चावी घालून जोर लावला होता, ती आतच तुटली होती. तुकड्याचं टोक कुलपाच्या तोंडाशी नुसतं दिसत होतं, हिरवट गंज चढलेलं.

आधी घर शोधलं

हा टप्पा लोक सोडून देतात आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. नवीन काहीही मागवायच्या आधी घर नीट शोधायचं. चवथीला सगळे घरी जमतात, मुंबईचे, बेळगावचे, तेव्हा काकांनी सगळ्यांसमोर विषय काढला. आजोबांचं टेबल, औषधांच्या कपाटाचे खण, देवघराचं फडताळ, जुन्या ट्रंका, सगळं काढलं. चाव्यांचा एक डबाच निघाला, बिस्किटांचा, आत कपाटाच्या, तिजोरीच्या, सायकलच्या, देव जाणे कसल्या कसल्या चाव्या. आजोबांचे जुने ड्रायव्हर वारले होते पण त्यांच्या मुलाकडेही काकांनी जाऊन विचारलं.

गाडीची चावी मिळाली नाही, पण दोन गोष्टी मिळाल्या. एक, जुनं आरसी बुक, जे हरवलं असंच सगळे धरून चालले होते. दुसरी, आजोबांची छोटी वही, त्यात टायर-बॅटरीच्या खर्चाच्या नोंदी, आणि एका पानावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि तीन आकड्यांचा नंबर, पुढे काही लिहिलेलं नाही. काकूंनी ते पान बघितलं होतं पण तो फोन नंबर असेल म्हणून सोडून दिलं होतं. तो दाराच्या कुलपाचा नंबर असेल असं मला लगेच वाटलं.

कागद आधी, कुलूप मग

चाव्या करणारा जो मेस्त्री आम्ही नंतर गाठला, म्हाताराच माणूस आहे, उभा जन्म याच धंद्यात गेला, त्याने पहिला प्रश्न विचारला तो आरसी कोणाच्या नावावर. गाडी बघायच्याही आधी. मला तो माणूस तिथेच आवडला. जो चावीवाला कागद न बघता गाडी उघडायला तयार होतो तो उद्या तुमचीही गाडी दुसऱ्याला उघडून देईल.

आरसी अजून आजोबांच्या नावावर होती. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असा नियम आहे, इथे तर वर्षं उलटून गेलेली. त्यात गोव्यात वारसाहक्काचं काम पोर्तुगीज काळापासनं वेगळ्या पद्धतीने चालतं, इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटायची कायदेशीर प्रक्रिया असते, भावंडं तिघं, एक बहीण परदेशात. काकांनी ठरवलं की आधी सगळ्या भावंडांची लेखी संमती घ्यायची, वकिलाकडे फाईल लावायची आणि मगच कुलपांना हात लावायचा. मला तेव्हा वाटलं की उगाच वेळ जातोय, पण काकांचं बरोबर होतं. नंतर त्यांच्या एका चुलतभावाने विचारलंच की गाडी कोणी उघडली आणि कोणाला विचारून, तेव्हा दाखवायला कागद होता.

बॉनेट उघडून फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) पाटीवरचा चासी नंबर आरसीशी ताडून बघितला. जुळला. तुम्ही गाडी विकत घेत असाल आणि चाव्या नसतील तर हे ताडून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

कुलूप वाचायचं कसं

आता खरा विषय. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांना पत्तीची कुलपं असायची. बॅरलमध्ये, म्हणजे चावीबरोबर फिरणाऱ्या आतल्या नळकांड्यात, एकामागोमाग पातळ पितळी पत्त्या, प्रत्येकीच्या मधे चौकोनी खिडकी आणि बाजूला इवलीशी स्प्रिंग. खिडकीची उंची पत्तीगणिक वेगळी. बरोबर चावी आत गेली की सगळ्या पत्त्या बॅरलच्या गोलाईत सपाट बसतात आणि बॅरल फिरते, एक जरी बाहेर डोकावत राहिली तर ती बाहेरच्या घरात अडकते. बस, एवढंच तंत्र आहे.

आणि कारखान्यात बसवायला, बदलायला सोपं जावं म्हणून नंबर कुलपाच्या तोंडावरच मारलेला असायचा. बहुतेक चाव्यांवर युनियन असं नाव असतं आणि सिरीजची अक्षरं, एफए, एफएस वगैरे. एफए सिरीज ५०१ ते ६२५. एफएस ८७६ ते ९५५, म्हणजे अख्ख्या सिरीजमध्ये चाव्या फक्त ८०. मॉरिस, ऑस्टिन, एमजी, ट्रायम्फ, कितीतरी गाड्या याच नंबरांवर चालायच्या. सुरक्षेच्या दृष्टीने हे फारच कच्चं आहे, पण चाव्या हरवलेल्या माणसाला याच्यासारखं वरदान नाही, कारण नंबर वाचता आला तर त्या नंबरची कापलेली चावी इंग्लंडमधले जुन्या गाड्यांच्या पार्टचे दुकानदार आजही काही पौंडांत पाठवतात. चावीपेक्षा टपालखर्चच जास्त पडतो.

म्हणूनच नंबर इथे दिलेले नाहीत. आणि म्हणूनच सांगतो, तुमच्या गाडीच्या डॅशचा क्लोजअप फोटो कुठे टाकताना इग्निशनच्या तोंडावरचा नंबर झाका. चोराला आणखी काही लागत नाही.

इग्निशनचं तोंड काळं पडलेलं होतं. ब्रश नाही, सँडपेपर नाही, कापसाच्या बोळ्यावर जरासं ब्रासो घेऊन हळू हळू पुसलं. अक्षरं एफए निघाली, मग ५, मग मधला आकडा, शेवटचा मात्र ३ की ८ कळेना. पातळ कागद वर धरून पेन्सिलीने घासून बघितलं, टॉर्च आडवा धरून सावली पाडून बघितली, तरी प्रत्येक जण वेगळं सांगायचा. दाराच्या हँडलवर नंबर नव्हताच, कधीतरी परत क्रोम करताना घासला गेला असणार. डिकीवरचा तुटलेल्या चावीच्या गंजात गेलेला.

पर्याय काय काय होते

पहिला, इग्निशनच्या मागच्या वायरी जोडून डॅशखाली एक टॉगल स्विच लावायचा. गॅरेजवाल्याने हाच सुचवला होता, स्वस्त आणि त्याच दिवशी गाडी चालू. मी याला कडाडून विरोध केला. या गाड्यांच्या लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये तपकिरी वायर बॅटरीकडनं येते आणि तिच्यावर फ्यूज नसतो, पांढरी स्विचमधनं पुढे ठिणगीसाठी लागणाऱ्या कॉइलकडे जाते, फ्यूज लागतो तो त्याच्याही पुढे, हिरव्या वायरीच्या आधी. म्हणजे टॉगल लावताना एक सांधा सैल राहिला, वायर घासली, तर मधे उडायला फ्यूजच नाही, आणि वायरीवरचं कापडी आवरण इतकं जुनं की पेटायला वेळ लागणार नाही. शिवाय टॉगल बंद करायला विसरलं आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असले तर कॉइल तापून जाते. आणि डॅशखाली हात घालणारा कोणीही गाडी नेणार ते वेगळंच.

दुसरा, सगळी कुलपं नवीन. मायनर १६ लाखांच्या वर बनल्या, इंग्लंडमध्ये त्यांचा पार्टचा बाजार अजून जोरात आहे, हँडलं, बॅरल, स्विच सगळं नवीन बनून मिळतं. गाडी झटपट तयार होते. पण नव्या हँडलांच्या क्रोमचा भरवसा नाही, आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बारा महिने दमट हवा, त्यात पातळ क्रोम दोनेक पावसाळ्यांत ठिपके धरतं. आणि ज्या हँडलाला आजोबांचा हात लागलाय ते भंगारात टाकायला काकू अजिबात तयार नव्हत्या. भावनेचा प्रश्न म्हणून मी हा मुद्दा हलका धरत नाही, जुनी गाडी ठेवायचं कारणच ते असतं.

तिसरा, नंबरवरून चावी मागवायची. इग्निशनसाठी हे सरळच होतं, फक्त ३ की ८ हा घोळ.

चौथा, मेस्त्रीकडून कुलपावरून चावी काढून घ्यायची. कोरी चावी आत घालून हलका पीळ द्यायचा, पत्त्यांचे ठसे चावीवर उमटतात, तिथेच कानस मारायची, परत घालायची. हातात कला लागते. कोरी चावी बरोबर काटछेदाची मिळाली नाही तर सगळं अडतं, एफए आणि एफएसच्या खाचाच वेगळ्या, एकाची चावी दुसऱ्यात शिरत नाही.

पाचवा, सगळीकडे एकच चावी. सूनबाईंची ही मागणी होती आणि रास्तच होती. पण इग्निशन आणि दार दोन वेगळ्या सिरीजची असल्याने त्यासाठी इग्निशनची अख्खी बॅरल बदलायला लागली असती. ते आम्ही सोडलं.

काय केलं

इग्निशनसाठी दोन्ही चाव्या मागवल्या, शेवटी ३ असलेली आणि ८ असलेली. एकच मागवून नशीब आजमावण्यात अर्थ नव्हता, पार्सल यायला लागतो तेवढाच वेळ परत गेला असता. वहीतल्या नंबरची चावी पण त्याच पार्सलमध्ये.

चाव्या येईपर्यंत मागच्या सीटची पाठ सोडवली, आतून हात घालून डिकीची लॅच फिरवली. बाहेरून डिकीवर ज्याने कोणी ताकद लावली होती त्याने आधी हे का बघितलं नाही कळत नाही. आत स्टेपनी, जॅक आणि पान्यांची पिशवी जशीच्या तशी.

पार्सल आलं. ३ वाली चावी इग्निशनमध्ये अर्धीच जाऊन थांबली. ८ वाली पूर्ण आत गेली, पण फिरेना. इथे सगळे म्हणायला लागले जरा जोर लाव. मेस्त्रीने चावी माझ्या हातातनं काढूनच घेतली, म्हणाला, "बाब, चावी बरोबर आहे, कुलूप झोपलंय. जोर लावशील तर चावी पिळवटेल नाहीतर पत्ती वाकेल, मग कोणालाच जमायचं नाही." बॅटरी काढलेलीच होती. त्याने गंज सोडवणारं पातळ तेल नळीने दोन थेंब आत सोडलं, चावी आत-बाहेर, आत-बाहेर, फिरवायची नाही, प्रत्येक वेळी बाहेर काढून फडक्याला पुसायची, फडक्यावर काळपट हिरवा गाळ यायचा. संध्याकाळपर्यंत त्याने तेच केलं, अधनंमधनं चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी घातली आणि दोन बोटांनी फिरली.

एकदा चावी फिरली की पुढचं सोपं. लुकासच्या या स्विचच्या अंगाला एक बारीक भोक असतं, चावी जरा फिरवून त्या भोकातनं तार दाबली की आतली खिटी दबते आणि बॅरल चावीसकट बाहेर येते. म्हणजे चावीशिवाय बॅरल नीट निघतच नाही, आणि याच ठिकाणी लोक ड्रिल मारतात. बॅरल पेट्रोलमध्ये धुतली, वाळवली, ग्रॅफाइटची पूड मारून परत बसवली. तेल नाही घातलं, तेलावर धूळ बसते आणि आपल्या हवेत तिचा चिखल होतो.

दाराचं काम जास्त रंगलं. आतलं पॅड काढायला आधी काचेचं हँडल काढायला लागतं, त्याच्या मागची गोल चकती स्प्रिंगवर असते, ती आत दाबून धरली की दांड्यातली बारीक पिन दिसते, ती ठोकून काढायची. ही पिन पडली की दारात गायब होते, म्हणून खाली फडकं पसरून ठेवा. हँडल टेबलावर आलं. वहीतल्या नंबरची चावी घातली तर आत गेली, म्हणजे सिरीज बरोबर, पण फिरली नाही. तेल, धुणं, सगळं करून झालं तरी नाही. म्हणजे हँडल मधे कधीतरी बदललेलं असणार आणि वहीतला नंबर आधीच्या कुलपाचा, किंवा डिकीचा.

डिकीचा! हे काकूंनी बोलून दाखवलं. डिकीचं हँडल पण काढून आणलं, तुटलेला तुकडा काढायचा होताच. मेस्त्रीने फ्रेटसॉचं (नक्षी कापायच्या करवतीचं) बारीक पातं तुकड्याच्या बाजूने आत सरकवलं, दाते मागे येतील असं, आणि जरा पिळून ओढलं. तुकडा सुळकन बाहेर. मग वहीतल्या नंबरची चावी घातली आणि डिकीचं कुलूप फिरलं. काकांनी ती चावी परत परत फिरवून बघितली, कोणी काही बोललं नाही.

पण हँडल पुढे चालण्यासारखं नव्हतं. ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, क्रोमखालनं ते फुगून आलेलं, चौकोनी दांडा बसतो तिथे भेग गेलेली. कुलूप चांगलं आणि घर खलास. दाराचं उलटं, हँडल उत्तम आणि कुलपाला चावी नाही. मग मेस्त्रीनेच सुचवलं की दोन्ही एकाच सिरीजची आहेत तर डिकीच्या पत्त्या दारात घालू. म्हणजे आजोबांच्या वहीतल्या नंबरची चावी दाराला लागेल, आणि डिकीला नवीन हँडल येईल ते त्याच्या चावीसकट.

दाराची बॅरल त्याने चावीशिवाय एका हुकाने आणि हलक्या पिळाने फिरवून बाहेर काढली, झिजलेलं कुलूप होतं, फार वेळ नाही लागला. पत्त्या काढायच्या आधी पांढऱ्या कागदावर दोन ओळी आखल्या, वर डिकी, खाली दार, प्रत्येक पत्ती तिच्या जागेवर, फोटो काढला. स्प्रिंगा इतक्या बारीक की पंखा बंद करायला लावला. अर्ध्याहून जास्त पत्त्या सरळ बदलल्या गेल्या. डिकीची एक पत्ती गंजून कोपरा उडालेली होती आणि तशा उंचीची दुसरी मिळेना.

इथे तीन मार्ग होते. ती जागा रिकामी ठेवायची, दुसऱ्या उंचीची पत्ती कानसून सपाट करायची, किंवा डबेभर जुन्या कुलपांतनं शोधायची. मेस्त्री म्हणाला रिकामी ठेव. कानसायला मी नको म्हणालो, कारण पत्तीची कड खाल्ली की ती दुसऱ्या चावीलाही वाट देते आणि पुढे कोणी कुलूप उघडलं तर त्याला काय केलंय ते कळत नाही. दारासाठी एक जागा रिकामी ठेवली. मुळात ८० चाव्यांच्या एफएस सिरीजचं कुलूप, एका पत्तीने फार काही बिघडत नाही. पण हे इग्निशनमध्ये कधीही करू देऊ नका, तिथे फिरलेल्या अवस्थेत चावी धरून ठेवायचं काम पत्त्याच करतात, त्या कमी झाल्या आणि कुलूप झिजलेलं असलं तर चालू गाडीत चावी खड्ड्याला बाहेर येऊ शकते.

पेट्रोलच्या झाकणाचा विचार फार केला नाही. ते गाडीचं मूळ नव्हतंच, मेस्त्रीने उचकटून काढलं, तिथे साधं झाकण बसवलं. हवेचं भोक असलेलंच घेतलं, नाहीतर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल येणं बंद पडतं.

शेवटी काय झालं

आज गाडीला तीन चाव्या आहेत. इग्निशनची स्वतःची, दाराची वहीतल्या नंबरची, डिकीची नवीन. सूनबाईंना एक हवी होती, तीन मिळाल्या, पण इग्निशन आणि दाराचं हँडल दोन्ही जुनीच आहेत. डिकीचं फुटकं हँडल काकांनी जपून ठेवलंय.

प्रत्येकीच्या दोन जास्तीच्या कापून घेतल्या, त्या नंबरवर कापून आलेल्या मूळ चावीवरूनच. कॉपीवरून कॉपी कधी करू नका, कानशीची चूक दर वेळी वाढत जाते आणि चौथ्या-पाचव्या चावीला कुलूप अडायला लागतं. एक जोड बेळगावच्या भावाकडे. नंबर घरच्या फाईलमध्ये, आणि फाईलवर गाडीचं नाव नाही.

पोलीस स्टेशनला चाव्या हरवल्याची नोंद केली, तिची प्रत आणि नवीन चाव्या केल्याचं पत्र इन्शुरन्सच्या फाईलला लावलं. गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले सगळ्या चाव्या मागतात, तेव्हा जुन्या कुठे हे तोंडी सांगून भागत नाही. नाव बदलायचं काम अजून चालू आहे. ते झालं की २०२१ च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमात नोंद करायची का ते काका बघणार आहेत. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ती करता येते, नवीन नोंदणीला २० हजार फी आणि मुदत १० वर्षं, आणि आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. काकांना जीडीचा नंबर घालवायचा नाहीये. पण त्या नोंदणीत गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून त्यांचं अजून ठरत नाहीये.

ते गिऱ्हाईक परत आलं होतं, यावेळी आकडा बराच वर. काकांनी चहा दिला आणि नाही सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

वहीतल्या नंबरची चावी हातात आल्या आल्या आधी सगळ्या कुलपांत घालून बघायला हवी होती. आम्ही तो नंबर दाराचाच धरून बसलो आणि दार धुण्यात वेळ घालवला, डिकीतला तुकडा आधी काढला असता तर चित्र लवकर स्पष्ट झालं असतं. तुटलेली चावी काढणं हे काम कधीही पहिलं करावं, ते छोटं असतं आणि त्याच्यामागे एक अख्खं कुलूप वाचायचं राहून गेलेलं असतं.

डिकीचं नवीन हँडल आम्ही मागाहून वेगळं मागवलं. त्याऐवजी दोन्ही हँडलं आधी टेबलावर आणून, तपासून, मग एकदाच ऑर्डर दिली असती तर टपालखर्च वाचला असता आणि त्याच पार्सलमध्ये जुन्या पत्त्यांचा एक संच पण मागवता आला असता, म्हणजे दारातली ती जागा रिकामी राहिली नसती. काकांना मी सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी इंग्लंडहून ब्रेकचे रबर मागवाल तेव्हा पत्त्या पण मागवा. मेस्त्री म्हणतो गरज नाही. मला वाटतं आहे, आणि दाराचं पॅड कसं निघतं ते आता काकांच्या नातवाला येतं, त्यामुळे काम तासाभराचं आहे.